कच्चं लिंबू, वय वर्षं ४६

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन फोनही आले, 'बरा आहेस ना?' म्हणून. बरा आहे. उजव्या हाताची दोन बोटं पंधरा दिवस एकमेकांना पट्टीने बांधलेली होती आणि डाव्या हाताच्या एका बोटाने मराठी टाइप करण्याचा धीर माझ्यात नाही, एवढंच. आई, तू घाबरू नकोस, हाड मोडलेलं नाही. मुरगळलं होतं.

व्हॉलीबॉल खेळताना.

ज्यांनी मला शाळेत पाहिलंय ते हे वाक्य परत एकदा वाचतील. वाचा खुशाल. अकोल्याच्या शाळेत दहा वर्षं पीटीचा तास 'सर, पोटात दुखतं' म्हणून निंबाच्या झाडाखाली बसून काढणारा, वर्गाच्या मॅचमध्ये ज्याच्या हातात फक्त वही-पेन देऊन स्कोअर लिहायला बसवत तो मी, गेल्या दिवाळीपासून अमरावतीत सकाळी सहाला उठून व्हॉलीबॉल खेळतो. खेळतो म्हणजे मैदानात उभा असतो. बॉल माझ्याकडे येतो आणि बहुतेक वेळा भलतीकडे जातो. पण उभा असतो.

सुरुवात आमच्या वयाच्या सगळ्यांसारखीच, रिपोर्टने झाली. शुगर 'बॉर्डरवर'. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. मग बूट आले, आणि मी आमच्या ले-आऊटच्या ओपन स्पेसमध्ये चालायला लागलो. तिथे चारी बाजूंनी गट्टूंची वाट केली आहे आणि मधोमध मैदान आहे. त्या वाटेवरून सकाळी पन्नास-साठ माणसं गोल फिरतात. कुणाच्या कानात भजन, कुणाच्या कानात शेअर बाजार. मध्ये मैदानात मात्र डझनभरच माणसं. महिनाभर फिरल्यावर मला वाटायला लागलं की हे देवळासारखं झालंय. आत गाभाऱ्यात मोजके लोक, बाकीच्यांनी बाहेरून प्रदक्षिणा घालायची. गंमत म्हणजे आपल्याला कुणी अडवलेलं नसतं. दोर नाही, पाटी नाही, फक्त फक्कीची एक पांढरी रेघ. ती ओलांडायला मला ४६ वर्षं लागली.

लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ साली एक अभ्यास आला होता. २०२२ मध्ये भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नव्हती, असा त्यातला अंदाज. पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. आणि 'पुरेशी' म्हणजे काही फार नाही, आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालण्याइतकी. अशी बातमी आली की पेपरात लगेच लेख येतात: लोक आळशी झाले, मोबाइलने वाट लावली, वगैरे. मला हे आळसाचं कारण पुरत नाही. आळशी माणूस सकाळी साडेपाचला बूट घालून गट्टूंवर पंधरा फेऱ्या मारत नाही. आमच्या वाटेवरची ती पन्नास-साठ माणसं आळशी नाहीत, पण मैदानात जायला घाबरतात. मी घाबरत होतो म्हणून सांगतो. गुडघा, वेळ, ऊन ही सांगायची कारणं. (उन्हाचं कारण आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना शोभतंही. २०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी अकोल्यात जमावबंदी लावली होती!) खरं कारण असं की चालताना आपण वाईट चाललो तर कुणाचं काही बिघडत नाही. सांघिक खेळात आपण वाईट खेळलो की पाच माणसांचा खेळ बिघडतो. पडायची भीती नंतरची. आधी भीती कुणाच्या तरी मध्ये येण्याची.

तर झालं असं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मैदानात अकराच जण होते. त्यांच्यात महावितरणमधून रिटायर झालेले एक काका आहेत, तिथले न नेमलेले कॅप्टन. मी फेरी मारत त्यांच्या बाजूने गेलो तसे ते ओरडले, "भाऊ, या ना! एक माणूस कमी हाय."

"मला येत नाही हो."

"आमाले तरी कुठं येते?"

हे धादांत खोटं होतं. ती माणसं दहा-दहा वर्षं खेळताहेत. पण ते इतक्या सहज म्हणाले की मी चष्मा बाकावर ठेवला आणि रेघ ओलांडली. (चष्मा ठेवणं ही पहिली चूक. बॉल दिसेना.)

पहिल्या दिवसाचं वर्णन थोडक्यात करतो. व्हॉलीबॉलचा पास दोन्ही हात जोडून मनगटाच्या वरच्या भागाने द्यायचा असतो. तो माझ्या अंगठ्यांवर, छातीवर आणि एकदा कपाळावर बसला. हाताचा आतला भाग लालभडक. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक वेळी माझ्या तोंडून 'सॉरी' निघत होतं. शेवटी काका म्हणाले, "भाऊ, तुम्ही सॉरी म्हणून राह्यले तोवर दुसरा बॉल येऊन जाते." मला आजवर मिळालेलं हे सगळ्यात चांगलं कोचिंग.

दुसऱ्या दिवशी उठताना पलंगाच्या कडेला धरून उठलो. पण गेलो.

मग मी सवयीप्रमाणे वाचायला बसलो. (ज्याला खेळता येत नाही तो खेळाचा इतिहास वाचतो, हा आमच्या घराण्याचा नियम.) आणि मला जे सापडलं ते वाचून मी एकटाच हसत सुटलो. व्हॉलीबॉल हा खेळ मुळात माझ्यासारख्यांसाठीच काढलेला आहे! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये होल्योक नावाचं गाव आहे. तिथल्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन नावाचा पंचविशीतला व्यायामशिक्षक होता. चार वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, जवळच्याच स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल निघाला होता आणि तो तरुणांना आवडला होता. पण मॉर्गनच्या वर्गाला येत ती व्यापार-उदीम करणारी, वय झालेली माणसं. त्यांना ती धावपळ आणि धक्काबुक्की झेपेना. म्हणून १८९५ मध्ये त्याने मधे जाळी बांधली, म्हणजे दोन बाजूंची माणसं एकमेकांवर आदळणारच नाहीत. जाळी ठेवली साडेसहा फुटांवर, साधारण माणसाच्या डोक्याच्या जरा वर. आणि एका बाजूला कितीही माणसं चालतील, असा नियम. आले तेवढे घ्या! नाव ठेवलं मिंटोनेट. व्हॉलीबॉल हे नाव पुढच्या वर्षी मिळालं.

आज पुरुषांची अधिकृत जाळी २.४३ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फुटांवर आहे, आणि बाजूला सहाच माणसं. सुटलेल्या पोटांसाठी काढलेल्या खेळाची जाळी दीड फूट वर गेली आणि सुटलेली पोटं बाहेर बाकावर जाऊन बसली. खेळांचं असंच होतं बहुतेक. आमच्या मैदानातल्या जाळीला मात्र मधोमध छान झोळ आहे. मॉर्गनसाहेबाला ती आवडली असती.

सांघिक खेळ एरवी मी फक्त टीव्हीवर पाहिलेला, त्यामुळे त्याची एक गोष्ट मला माहीतच नव्हती. ती म्हणजे त्यात लपता येत नाही. क्रिकेटमध्ये न येणाऱ्याला लांब कुठेतरी सीमेवर उभं करता येतं. व्हॉलीबॉलमध्ये रोटेशन असतं. घड्याळाच्या काट्यासारखं सगळ्यांना फिरावं लागतं, मागून पुढे, पुढून मागे, आणि तुमची पाळी आली की सर्व्हिस तुम्हीच करायची. आमच्याकडे बाकी नियमांचा आनंदीआनंद असला तरी रोटेशन काटेकोर. आणि समोरच्यांना दोन मिनिटांत कळतं की कुठे टाकायचा. पहिला महिनाभर मी त्या मैदानावरचा सगळ्यात लोकप्रिय माणूस होतो. येईल ती सर्व्हिस माझ्याकडे. समोरचे हसतमुखाने टाकायचे, "घ्या भाऊ!" म्हणायचे, आणि पॉइंट घ्यायचे.

आमच्या बाजूला एक १९ वर्षांचा मुलगा आहे, कॉलेजात शिकतो. तो आमचा लिफ्टर. खरंच छान खेळतो. वाकडातिकडा पास आला तरी बोटांच्या टोकांनी असा अलगद उचलतो की मारणाऱ्याला फक्त हात फिरवायचं काम. माझा पास त्याच्याकडे कधीच जात नसे, त्यामुळे तो माझ्यामागे अख्ख्या मैदानभर पळे. पण चकार शब्द बोलत नसे. "होते काका, होते," एवढंच. बाकीच्यांना तो चुकल्यावर मनसोक्त झापायचा. वयाने बापाएवढ्यांना सुद्धा "काय करून राह्यले यार!" म्हणायचा. मला कधी नाही. सुरुवातीला मला हा त्याचा चांगुलपणा वाटला. होताच तो. पण मग एकदा लक्षात आलं की माझ्या बाजूच्या पाचही जणांनी मला हिशेबातून वगळलंय. माझ्याकडून गेलेला पॉइंट हा पावसाने गेल्यासारखा. पावसाला कोण ओरडतं?

इथे लिंबाची गोष्ट सांगायला हवी.

लहानपणी तुमच्याही गल्लीत असणारच. धाकटं भावंडं खेळायला घ्या म्हणून भोकाड पसरायचं आणि आई आतून ओरडायची, "घ्या रे त्यालाही!" मग मोठी मुलं म्हणायची, "बरं, हा कच्चं लिंबू." काही ठिकाणी लिंबू-टिंबू म्हणतात. कच्च्या लिंबाने पळायचं, लपायचं, सगळं करायचं. फक्त ते आऊट झालं तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य नाही. मला हा आपल्या बालपणातला फार सुसंस्कृत नियम वाटतो. दुबळ्याला बाहेर न काढता, खेळही न बिघडवता, सामावून घ्यायची सोय पाच-सात वर्षांच्या पोरांनी करून ठेवलेली आहे! मोठ्यांकडे ती नाही. आपल्याकडे दोनच खाती, खेळाडू आणि प्रेक्षक. तिसरं खातंच उघडलेलं नाही. म्हणून मला आधी असा लेख लिहायचा होता की, मंडळी, मोठ्यांच्या खेळातही कच्चं लिंबू घेत चला. मुद्देही काढून ठेवले होते.

तो लेख फेब्रुवारीत रद्द झाला.

शिवजयंतीला, १९ फेब्रुवारीला, आसपासच्या कॉलन्यांची स्पर्धा ठरली. कप, बक्षीस, डीजे, मुरूम टाकून दाबलेलं मैदान, सगळं. यादी बनली. सहा खेळणारे आणि चार राखीव. आमच्या बाजूला रोज येणारी मिळून माणसं अकरा. उरलेला कोण ते सांगत नाही. काका चहाच्या वेळी माझ्या बाजूला येऊन बसले आणि इकडचं-तिकडचं बोलून म्हणाले, "भाऊ, स्कोअरचं तुम्ही पाहा. तुमाले हिशेबाचं चांगलं जमते."

वही-पेन. छत्तीस वर्षांनी परत तेच.

मी म्हणालो, "हो हो, त्यात काय!" आणि घरी येऊन बायकोवर कारण नसताना खेकसलो. मला राग यायचं काही कारण नव्हतं. मी असतो तर आम्ही हरलो असतो, हे मला आकड्यांत दाखवता आलं असतं. त्यांचा निर्णय मॅचपुरता शंभर टक्के बरोबर होता. तरी रात्री झोप आली नाही. स्कोअर मी व्यवस्थित लिहिला. दुसऱ्याच मॅचमध्ये आम्ही बाहेर पडलो, १९-२५, २२-२५. आणि आता खरं बोलायला बसलोच आहे तर सांगतो, शेवटचा पॉइंट लिहिताना मला किंचित बरं वाटलं. स्वतःची लाज वाटावी इतकं बरं वाटलं. तेव्हा कळलं की मी त्या टीममध्ये मनाने केवढा शिरलो होतो. परक्या माणसाला अशी असूया होत नाही.

त्यानंतर मी मैदानात गेलो नाही. गट्टूंवरही नाही. रविवारी अकोल्याला निघालो. (हा तोच रस्ता, ज्याच्या ७५ किलोमीटरच्या एका लेनवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबर पडलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. वऱ्हाडातलं एवढ्या वेगाने झालेलं दुसरं काही मला आठवत नाही.) जठारपेठेतल्या घरी आई, दादा, वहिनी. दादा शाळेत असताना कबड्डीत नाव काढून होता. मी निंबाखाली बसलेला असायचो तेव्हा तो मैदानात असायचा. आता प्रो कबड्डी चुकवत नाही. मी खेळतो हे कळल्यापासून त्याचं एकच पालुपद: "या वयात कोणाले दाखवाले खेळून राह्यला बे? पडशीन-झडशीन."

दुपारी कढी-गोळे हाणून आम्ही दोघं ओट्यावर बसलो आणि मी त्याला स्कोअरच्या वहीचं सांगून टाकलं. वाटलं, हसेल. हसला नाही.

म्हणाला, "तुले आठवते, तू कच्चं लिंबू होता तं रडला होता?"

मला आठवत नव्हतं. त्याने सांगितलं. मी सहा-सात वर्षांचा. लपाछपीत सगळ्यात आधी सापडलो आणि 'आता माझ्यावर राज्य' म्हणून खुशीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मुलं म्हणाली, तुझ्यावर नाही, तू कच्चं लिंबू. तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी इतका रडलो म्हणे की आई बाहेर आली. त्यानंतर मी खेळायला गेलो नाही. पुस्तकं वाचायला लागलो.

"अन् तू काहून सोडली कबड्डी?" मी विचारलं. आमच्या घरातली अधिकृत कथा अशी की दादाच्या गुडघ्याला लागलं म्हणून त्याने खेळ सोडला. तीस वर्षं आम्ही तेच ऐकत आलोय.

"गुडघा तं नंतर दुखाले लागला," तो म्हणाला. "जिल्ह्याच्या टीममध्ये नाव नाही आलं. मंग म्हटलं, कायले जाव आता."

सतराव्या वर्षी. तेव्हा त्याच्याइतकं चांगलं आमच्या शाळेत कुणी खेळत नव्हतं. एका यादीत नाव नाही म्हणून त्याने परत कधी मैदानात पाय ठेवला नाही, आणि त्यानंतरची तीस वर्षं टीव्हीसमोर. मला आतापर्यंत वाटायचं की खेळात दादा आणि मी दोन टोकं. तो दुपारभर गप्प बसला होता आणि मला दिसत होतं की आम्ही दोघं एकाच चाळणीतून खाली पडलेलो आहोत. मी सातव्या वर्षी, तो सतराव्या.

माझं भांडण या चाळणीशी आहे. आपल्याकडे खेळ म्हणजे निवड. शाळेत चाळा, तालुक्याला चाळा, जिल्ह्याला चाळा. वर राहील तो खेळाडू, खाली पडेल तो प्रेक्षक. वर राहिलेल्यांचं कौतुक मलाही आहे. मे २०२५ मध्ये आमच्या अमरावतीच्या जितेश शर्माने लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ मारून २२८ चं टार्गेट उडवलं, तेव्हा मीही गच्चीवर जाऊन ओरडलो होतो. पण दुसऱ्या दिवशी कॉलनीत फिरताना मनात मोजत गेलो, काल ओरडणाऱ्यांपैकी गेल्या वीस वर्षांत बॅट कुणी हातात धरली असेल? दोन सापडले. एक नववीतला.

आणि हे अमरावतीत! ज्या गावात १९१४ साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतरावांनी, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीची आणि देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली, हे आम्ही पाहुण्यांना न चुकता ऐकवतो. बर्लिनचं सांगतो, पण मंडळाच्या नावातला मधला शब्द आम्ही कधी वाचतच नाही. प्रसारक. म्हणजे पसरवणारा. नाव ठेवताना त्यांना विजेता, अजिंक्य, केसरी असे शब्द सुचले नसतील असं नाही. माझा मंडळाशी काही संबंध नाही, तिथल्या मैदानाबाहेरून स्कूटरने हजारदा गेलो असेन तेवढाच. पण तो शब्द हल्ली फार छळतो. आमच्या कॉलनीच्या मैदानात काय पसरलं? स्पर्धेनंतर पंधरा दिवस रोजचा खेळ धड झाला नाही म्हणे. कुणामुळे हरलो यावर दोघांचं बोलणं बंद. एका कपासाठी.

आमच्या हिने यात एक पुरवणी जोडली आहे आणि ती प्रामाणिकपणे लिहायला हवी. मी तावातावाने हे सगळं सांगत होतो तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हाला निदान एक माणूस कमी पडला तेव्हा हाक तरी मारली. त्याच गट्टूंवर मी आठ वर्षं चालते. मला कोण मारणार?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. वाचलेलंच एक सांगितलं: १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या बायकांनी व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक जिंकलं आणि मग त्या देशात गृहिणींमध्ये या खेळाची लाट आली. गावोगाव आयांचे संघ निघाले. नऊ-नऊ जणींचा खेळ, म्हणजे जास्त जणींना जागा. पदकामुळे देशभर प्रेक्षक वाढणं आपल्याला माहीत आहे. तिथे खेळणाऱ्या वाढल्या. ती म्हणाली, "मग तुमच्या काकांना सांगा की नऊची जाळी लावायला." सांगितलंय. काका 'पाहू' म्हणालेत. वऱ्हाडात 'पाहू' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मी पाठपुरावा करतोय, ही मला सोडणार नाही.

असो. अकोल्याहून परत यायच्या आदल्या संध्याकाळी वसंत देसाई क्रीडांगणाकडे चक्कर मारायला गेलो, दादा आणि मी. आत पोरं पळत होती. बराच वेळ तो काही बोलला नाही. निघताना म्हणाला, "तू जात जाय बे सकाळी. स्कोअर लिवजो, पण खेळजो बी."

सोमवारी सकाळी गेलो. कुणी काही विचारलं नाही. काकांनी नुसतं हाताने 'मागे उभे राहा' दाखवलं. सहाच्या जागी सात झालो तरी काही बिघडलं नाही, रोजच्या खेळात कोण मोजतं. बॉल येत होता, जात होता. तीन महिन्यांत माझा पास थोडा सुधारला आहे, म्हणजे दहातले तीन-चार लिफ्टरच्या आसपास जातात. त्या दिवशी लागोपाठ दोन गेले. दुसऱ्यावर त्याने असा उचलून दिला की आमच्या उंच माणसाने तो समोरच्या कोपऱ्यात ठोकला आणि काकांनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. १८-१७.

मग समोरून एक बॉल आला, संथ, वर गेलेला, बरोबर माझ्या आणि लिफ्टरच्या मधे. मला वाटलं तो घेईल. रोज तोच घेतो. तो जागचा हलला नाही, मीही हललो नाही, आणि बॉल दोघांच्या मधे धप्पकन मातीत पडला.

"तुमचा होता ना बे तो!" तो जीव खाऊन ओरडला.

मैदान एकदम शांत. त्याने जीभ चावली. "सॉरी काका, म्हंजे.."

"सॉरी कायले?" मी म्हणालो. "माझाच होता."

"चला, १८-१८," काका म्हणाले आणि बॉल समोर गेला.

पुढे आम्ही जिंकलो का हरलो ते आता आठवत नाही. खेळ संपल्यावर टपरीवर चहाचा ग्लास हातात घेतला तेव्हा कळलं, बोट भलतंच सुजलं आहे.